तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बैठकांना फुकट कशाला जाता?

‘पगार त्यांना मिळतो, मग तुमची संध्याकाळ का घालवता?’ मी एका सॉफ्टवेअरबद्दल लोकांच्या शंका सोडवते. ते बनवणारी टीम आम्हा स्वयंसेवकांना वर्षातून तीन-चारदा बैठकीला बोलावते. बैठक ठरली की हा प्रश्न येतोच.

मी जाते, कारण लिहून पाठवलेल्या तक्रारीत माणूस काम कसं करतो ते दिसत नाही.

मागच्या वर्षीचंच सांगते. दुसरीकडचा मजकूर पेस्ट केला की परिच्छेदांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू व्हायचे. ‘किरकोळ’ म्हणून ही तक्रार बरेच दिवस पडून होती. बैठकीत मी स्क्रीन शेअर केली आणि रोजच्यासारखं काम करत गेले. मजकूर आधी कोऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकला, तिथून उचलून परत आणला, मग पुसले गेलेले ठळक शब्द शोधून एकेक पुन्हा ठळक केले. कुणीच बोलेना. शेवटी तो भाग लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, “दर वेळी एवढं करता?” म्हटलं, मी करते, आणि मी ज्यांना शिकवलं तेही करतात. ही आडवाट तक्रारीत कुणी लिहिलीच नव्हती, इतकी ती अंगवळणी पडली होती.

अंगवळणी पडणं किती महाग पडतं बघा. ‘मार्च१’ (MARCH1) हे एका जनुकाचं संक्षिप्त नाव होतं. एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच हे छापून सांगितलं होतं. २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलल्याचं नामकरण समितीने जाहीर केलं. ते आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये! आधी माणसं वाकली.

काही कंपन्यांनी आमच्यासारख्या जाणकार स्वयंसेवकांसाठी रीतसर व्यवस्था केली आहे. मायक्रोसॉफ्टचा एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) हा सन्मान १९९३ पासून आहे. तो वर्षापुरताच मिळतो, आणि पुढे काय येणार हे ऐकायचं तर गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. ती सही मला योग्यच वाटते. त्याशिवाय टीम अर्धवट काम दाखवणार नाही, आणि बदल करायची वेळ तीच असते.

एक धोका मात्र आहे, आणि तो आमच्याकडूनच. पहिल्या दिवशी कुठे अडलो होतो हे आम्ही जाणकार साफ विसरलेलो असतो. ‘इथे एक बटण द्या’ असं सुचवण्याची घाई होते, आणि ते बटण आमच्यासारख्यांनाच लागतं. म्हणून मी वहीत लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून नेते. बैठकीत तसेच वाचते, सुधारून सांगत नाही.

पुढची बैठक मंगळवारी आहे. वहीत सगळ्यात वर लिहिलंय: ‘सेव्ह केलं, पण गेलं कुठे?’ या महिन्यात हे मला चौघांनी विचारलंय.