मिक्सरचं इंजिन ऑईल वाढत होतं

गाडी आली ती वेगळ्याच तक्रारीसाठी. हिंजवडीकडच्या साइटवर काँक्रीट पोचवणारा बीएस-६ ट्रान्झिट मिक्सर, सहा सिलिंडर, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत) १६ लिटर ऑईल. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरचा, दिवा विझत नाही आणि इंजिन तापलं की आयडलला ऑईल प्रेशरचा काटा खाली बसतो, एवढंच ड्रायव्हर सांगत होता. ऑईलचं विचारलं तर मालक म्हणाले, "ऑईलचं टेन्शनच नाही हो. टॉपअप लागतच नाही, उलट जरा वाढलेलंच असतं."

हे ऐकलं आणि स्कॅनर जोडायच्या आधी ऑईलची पातळी बघायची पट्टी काढली. इंजिनात ऑईल तयार होत नाही. कुणी जास्त ओतलं नसेल तर वाढायला दोनच कारणं, कूलंट किंवा डिझेल. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबून पाहिलं तर पातळी मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. रंग काळाकुट्ट, पण त्याला महत्त्व नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे डिझेलच्या ऑईलचं कामच आहे. खटकलं ते दुसरंच. ऑईल पट्टीवरून धार लागल्यासारखं ओघळत होतं आणि डिझेलचा वास मारत होतं. दुधाळपणा नाही, कूलंटची पातळी जागच्या जागी. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून ठेवला. दोन-तीन तासांत मधल्या काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांबपर्यंत पसरलं, ही डिझेलची खूण.

थेंबावरून दिशा कळते, आकडा कळत नाही. म्हणून गरम इंजिनातून पट्टीच्या नळीवाटे हातपंपाने १०० मिली नमुना ओढून लॅबला पाठवला. १५डब्ल्यू-४० ऑईलची १०० अंशाला व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, किमान १२.५ सेंटिस्टोक हवी. इथे १०.८ आली आणि डिझेल ७ टक्के. म्हणजे सोळा लिटरमध्ये लिटरभराहून जास्त डिझेल. तांबं आणि शिसंही वाढलेलं, ते बेअरिंगचं. सिलिकॉन कमी होतं, त्यामुळे एअर फिल्टर किंवा होजमधून धूळ जात नव्हती हे तरी कळलं.

डिझेल येत होतं कुठून? इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते मोजणारी रिटर्न टेस्ट केली, सगळे ठीक. उत्तर स्कॅनरमध्ये होतं: रिजनरेशन, म्हणजे डीपीएफ तापवून त्यातली काजळी जाळणं, कितीतरी वेळा सुरू झालेलं आणि जवळपास प्रत्येक वेळी अर्ध्यात तुटलेलं. या इंजिनात डीपीएफ तापवण्यासाठी पॉवर स्ट्रोक सरत आल्यावर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल मारलं जातं. ते एक्झॉस्टमध्ये जाऊन डीपीएफच्या आधीच्या डीओसीत (कॅटॅलिस्टमध्ये) जळतं आणि डीपीएफमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान येतं. पण या उशिराच्या फवाऱ्यातलं काही डिझेल लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, लागतं आणि रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतं. रिजन पूर्ण झालं तर मध्ये बराच काळ जातो, पुढच्या धावेत ऑईल तापून डिझेल बरंचसं उडून जातं. रिजन तुटत राहिलं तर काजळी जळत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) परत प्रयत्न करतो आणि दरवेळी डिझेलची भर पडते. मिक्सरचं कामच असं की ड्रम फिरता ठेवायला इंजिन आयडलवर, साइटवर रांग, मग थोडंसं अंतर, परत रांग. त्यात साइटवर आरपीएम वाढलं की ड्रायव्हर रिजन बंद करण्याचं बटण दाबायचा.

मालकांच्या स्टिकरवर पुढचा ऑईल चेंज ४० हजार किलोमीटरला लिहिला होता आणि गाडी धावली होती १४ हजारच. तासांचं मीटर मात्र ११५० तास पुढे गेलेलं. रस्त्यावरच्या ट्रकच्या हिशेबाने एक तास म्हणजे ढोबळ ४५ किलोमीटर धरा, पन्नास हजारांच्या वर जातं. या गाडीच्या पुस्तकात पीटीओवर, म्हणजे ड्रमसारखं यंत्र इंजिनच्याच ताकदीवर, चालणाऱ्या गाडीसाठी ५०० तास स्पष्ट लिहिलेत. ते पान कुणी उघडलेलंच नव्हतं.

जाड ऑईल, २०डब्ल्यू-५० टाकून प्रेशर आणूया, असं मालकांचं म्हणणं. नाही. डिझेल येणं थांबत नाही तोवर ते जाड ऑईलही पातळ होणार, आणि पहाटेच्या स्टार्टला टर्बोपर्यंत पोचायला उशीर करणार. पातळी अशीच चढत राहिली तर धोका आणखी मोठा: क्रँक ऑईलमध्ये आपटून फेस होतो, ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) ऑईल टर्बोकडे ओढलं जातं आणि इंजिन स्वतःच्याच ऑईलवर पळत सुटतं. मग चावी काढूनही ते बंद होत नाही.

चेंबर उतरवलं. फिल्टरचा डबा कटरने कापून कागदाच्या घड्या व्हाइसमध्ये दाबल्या, तर बारीक चकाकी दिसली. बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, वरच्या बेअरिंग शेलवर राखाडी थर घासून खालचं तांबं उघडं पडलेलं. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मापात निघाले, ग्राइंडिंग वाचलं. क्रँकच्या मेन बेअरिंगचे शेल चांगले होते, तरी दोन्हीकडचे बदलले. ऑईल कूलर आणि पाइपांतलं जुनं ऑईलही काढलं, नाहीतर नव्यात लगेच भेसळ. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा.

नवं ऑईल एपीआय सीके-४ दर्जाचं, १५डब्ल्यू-४०. मालकांच्या यार्डात जुन्या गाड्यांसाठी सीआय-४ प्लस या आधीच्या दर्जाच्या ऑईलचा ड्रम आहे, त्यातलं या गाडीत नको असं बजावून सांगितलं. सीके-४ मध्ये सल्फेटेड राख १ टक्क्याच्या आत ठेवावी लागते, सीआय-४ प्लसमध्ये ती बहुधा त्याहून जास्त असते. काजळी रिजनमध्ये जळते, राख जळत नाही; ती डीपीएफमध्येच साचते आणि फिल्टर काढून साफ करावा लागतो. उलट बाजूने अडचण नाही, सीके-४ जुन्या गाडीतही चालतं.

मग गाडी मोकळ्या काँक्रीटवर, ताडपत्री आणि वाळक्या गवतापासून लांब उभी करून स्कॅनरने फोर्स रिजन केलं, म्हणजे उभ्या गाडीत मुद्दाम रिजन करायला लावलं. चाळीसेक मिनिटं लागली. रिजननंतर पातळी परत पाहिली.

५० तासांनी नमुना घेतला, डिझेल दीड टक्का. ३५० तासांना अडीच. ड्रायव्हर आता दिवा लागला की ड्रम रिकामा करून बायपासला गाडी काढतो, बटण दाबत नाही. तरीही ५०० तासांपर्यंत ताणायला मी तयार झालो नाही. स्टिकरवर ३५० तास लिहिलेत, आणि पट्टी मॅक्सच्या वर दिसली तर गाडी तिथेच बंद करून फोन करायचा.