टाकीच्या पोटातली बाग

सिडनीच्या पॅडिंग्टनमधे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरनं चाललो होतो, सहज कठड्यावरून खाली डोकावलो तर खाली अख्खी बाग! पायऱ्या उतरून गेलो नि मग कळलं की आपण चक्क जुन्या पाण्याच्या टाकीत उभे आहोत. १८६६ मधे हिचा पहिला भाग सुरू झाला, दुसरा १८७८ ला, आणि १८९९ मधे बंद पण, कारण शहर वाढत गेलं आणि ही टाकी पडली कमी उंचीवर, मग वरच्या भागात पाणी चढणार कसं, म्हणून उंचावर नवीन बांधली. पुढे इथे गोदाम झालं, गॅरेज झालं, १९९० मधे छताचा काही भाग कोसळला आणि जागा पडूनच राहिली.

२००९ ला बाग उघडली. मला आवडलं ते हे की पडझड लपवलेली नाहीये, विटांच्या कमानी, लाकडी खांब, भिंतीवरची ग्राफिटी सुद्धा तशीच ठेवलीय (आपण आधी चुना मारला असता!). मधे छोटं तळं, नेच्यांची झाडं, वरच्या ट्रॅफिकचा आवाजही जरा कमी. अर्धा तास नुसता बसून होतो.