मुलांना घेऊन कुलाबा किल्ला: ओहोटीची वेळ स्वतः काढा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर लहान मुलांना चालवत न्यायचं, तर ओहोटीची वेळ स्वतः काढा. दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका. आम्ही उतरलो होतो तिथे दाराशी फळा होता, ‘ओहोटी सकाळी ८.३०’. त्या हिशेबाने पाच वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी, दोघांना झोपेतून उठवून, पोहे भरवून साडेसातला किनारा गाठला. समोर किल्ला आणि मध्ये भरपूर पाणी! फोन केला तर म्हणे, “ते शनिवारचं असेल, पुसायचं राहिलं. उतरेल पाणी.” आणि आम्ही गेलो मंगळवारी! ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं का? लहान मुलं असलेली माणसं तो फळा वाचूनच निघतात हो. एक ओळ रोज पुसून लिहायला असा किती वेळ लागतो? मला अजून राग येतो.

शेवटी घोडागाडीवाल्या काकांनी विचारलं, “ताई, आज षष्ठी ना? मग साडेदहाशिवाय पुरतं उतरायचं नाही.” त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सहाची पाऊणपट साडेचार, आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. वेळ अंदाजे येते, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. मुलांसाठी तृतीया ते पंचमी उत्तम, सकाळच्या उन्हातच जाऊन येता येतं. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती-ओहोटी, तेव्हा पाणी फारसं हटत नाही.

तोवर मुलांना कुर्ल्यांनी सांभाळलं. ओल्या वाळूत इवलीशी बिळं आणि प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. पावलांची चाहूल लागली की कुर्ली आत गडप. लेक पोटावर पालथी पडून वाट बघत होती.

पाणी उतरल्यावर धाकटीसुद्धा स्वतःच्या पायांनी किल्ल्यापर्यंत चालली! मला फार अभिमान वाटला. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला, खडकांना चिकटलेली कालवं पाय कापतात. तिकीट पंधरा वर्षांखालच्यांना नाही. आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याचं तळं आणि चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. मुलगा तोफेपाशीच रमला. तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, ते त्याला हात लावून दाखवलं.

हो, आणि भरती चढायला लागायच्या आत परतीची वाट धरा, मुलं कितीही हटून बसली तरी. येताना घोडागाडी केलीत तर भाडं आधी ठरवा.

आता पुढच्या खेपेला कोर्लईचा किल्ला. तिथे दीपगृहापासून पायऱ्या चढायच्या, ओहोटीसाठी कुणाचा फळा बघायला नको.