यंदा बीएस्सी नर्सिंगचा ऑप्शन फॉर्म भरला नाही

कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, पहिली यादी लागली त्या दुपारी आमच्या बारावीच्या ग्रुपवर अलॉटमेंटचे स्क्रीनशॉट पडू लागले. मग एकेकीचे मेसेज सुरू झाले, "तुझं कुठं लागलं गं?" कुठंच नाही, कारण यंदा मी कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्मच भरला नाही. सीईटी दिली होती, मार्कही मागच्यापेक्षा बरे होते, तरी नाही भरला. मिरजेच्या मामींनी तर आईला फोन करून विचारलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना? आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ज्यांचा ह्या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्ष २०२२ पासून स्वतंत्र परीक्षा घेतो. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकाला २०. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कुणी एकही प्रश्न सोडत नाही आणि एकेका मार्कावर मुलींची रांग लागते. सरकारी कॉलेजं मोजकी. मुंबईत जेजे, पुण्यात ससून, नागपूरचं मेडिकल, ह्यांच्या याद्या आमच्यासारखीनं लांबूनच बघायच्या. उरतात खासगी, आणि तिथं प्रश्न मार्कांचा कमी, पैशांचा जास्त.

माझे नकार दर वर्षी वेगळ्या जातीचे निघाले. पहिल्यांदा सरळ मार्क कमी पडले, त्याबद्दल काही तक्रार नाही. पुढं मार्क आले तर जात पडताळणी अडली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाला एक वेलांटी, पप्पांच्या दाखल्यावर दुसरी. त्या वेलांटीपायी प्रतिज्ञापत्र झालं, जुन्या शाळेत दप्तर उचकायला लावलं, भावकीतल्या एका काकांची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, मिळवली. यादीत नाव लागलं होतं, पण मुदतीत कागद हातात पडला नाही आणि ओबीसीतली सीट गेली.

मग ८ जुलै २०२४ चा जीआर आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी पूर्ण माफ. आमच्या घरात पेढे आणायचे तेवढे बाकी राहिले होते. पण माफी कॅपमधून लागलेल्या सीटलाच. मला कॅपमध्ये काही लागलं नाही, आणि संस्था पातळीवरच्या राउंडला, म्हणजे उरलेल्या सीट कॉलेज स्वतः भरतं तेव्हा, जिथून बोलावणं आलं तिथं फी पूर्ण, वर हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, आणखी काय काय. पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. त्या कॉलेजात त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं, आत जाऊन पाच मिनिटांत परत आले आणि म्हणाले, "चल, एस्टी सुटंल."

दरम्यान घरी बसून राहायचं नाही म्हणून मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात लागले होते. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण लहान गावातल्या पुष्कळ हॉस्पिटलांत थोड्याफार फरकानं हेच चालतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं. आता तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत, कर्नाटकातून पेशंट येतात, आणि कानडी येत नसेल तर वॉर्डात अर्धी कामं अडतात. मला पहिल्या दिवशी फिक्या निळ्या रंगाचे कपडे दिले आणि दुसऱ्या दिवसापासून मी "सिस्टर". बारावी पास, कोर्स नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, पण सिस्टर. माझ्यासारख्या तिथं बऱ्याच जणी होत्या. बीपी घ्यायचं, शुगर बघायची, सलाइन संपत आलं की बाटली बदलायची, इंजेक्शन भरून द्यायचं. हळूहळू टोचायलाही सांगतात. हात बसतो, त्यात काही जादू नाही.

एका संध्याकाळचं सांगते. एका बाईंना रक्त चढवत होते. दर पंधरा मिनिटांनी टेम्परेचर, पल्स, बीपी घेऊन मी चार्टवर लिहीत होते, मला सांगितलं होतं तसं. इनचार्ज सिस्टर कॉटजवळून पुढं निघाल्या होत्या, त्या दोन पावलं मागं आल्या. बाईंनी पाय पोटाशी घेतले होते आणि कंबर दुखतीय असं त्या नातीला सांगत होत्या, आम्हाला नाही. सिस्टरनी आधी रक्ताच्या नळीवरचा रोलर बंद केला. मग नवा सेट जोडून सलाइन हळू चालू ठेवलं, शिरेतली सुई काढू दिली नाही, डॉक्टरांना फोन लावला, आणि रक्ताची पिशवी ब्लड बँकेला परत पाठवायची म्हणून बाजूला ठेवली. एवढं होईपर्यंत माझ्या चार्टवरचा ताप जेमतेम एका डिग्रीनं हलला होता. बाई बऱ्या झाल्या, दोन-तीन दिवसांनी चालत घरी गेल्या. नंतर चहा पिताना सिस्टर मला म्हणाल्या, "कंबर दुखतीय असा रकाना चार्टमधे नसतो गं."

त्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या, आयुष्य वॉर्डात गेलेलं. मला टेम्परेचर घेता येत होतं, पण रक्त चढवताना ते का घ्यायचं आणि त्याच्याआधी काय बघायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवणारही नव्हतं. माझ्याकडून तशी अपेक्षाच नव्हती. एका रजिस्टर्ड नर्सच्या पगारात आमच्यासारख्या दोघी तरी मिळतात, मालकांचं गणित तिथं संपतं. त्या संध्याकाळनंतर कुणी "ओ सिस्टर" म्हणून हाक मारली की अंगावर काटा यायचा. दिवाळी झाल्यावर नोकरी सोडली.

सोडल्यावर सल्ले सुरू झाले. सगळ्यात जोरात जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तेव्हापासून आमच्याकडं जर्मन भाषेचे आणि नर्सिंगचे बोर्ड एकत्रच दिसायला लागले. तिकडं आउसबिल्डुंग म्हणून तीन वर्षांचं शिक्षण असतं, शिकताना दरमहा पैसे मिळतात, हे खरं. त्याच्याआधी जर्मन भाषा चांगली पक्की यावी लागते, हेही खरं, पण ते बोर्डावर बारीक अक्षरात असतं. एका ऑफिसात चौकशीला गेले तर तिथल्या मॅडम आधी रक्कम बोलल्या आणि मग कोर्स. जर्मन शिकायला माझी ना नाही. पण पप्पांच्या पाठीवर अजून एक पोतं ठेवून नाही.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा कर, म्हणाले काही जण. लॅब चांगली, नोकरी मिळते, रात्रपाळी कमी. मला तिथं करमणार नाही, एवढंच उत्तर माझ्याकडं आहे.

एक पर्याय मात्र मी खरंच मनावर घेतला होता, आरोग्यमित्राचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात एक टेबल असतं, तिथं बसलेला माणूस रेशनकार्ड, आधार बघून केस ऑनलाइन चढवतो. हे काम किती मोठं आहे ते वॉर्डात राहिल्याशिवाय कळत नाही. २०२३ मध्ये योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घ्यायचं ठरलं. तरी पेशंटचा मुलगा हातात फाइल घेऊन जिना चढउतर करत असतो, कारण कुठल्या कागदावर कुणाची सही हे त्याला कुणी नीट सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या एक ताई ते काम करतात, जीव तोडून करतात. नोकरी कंत्राटी आहे, त्यामुळे त्याही माझ्यासारख्याच दर वर्षी बोटं मोजत बसतात. हा पर्याय मी अजून पूर्ण बंद केलेला नाही.

आणि मग आई. आई आमच्या गावची आशा आहे. मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी तिच्या मागं मागं फिरायचे, कारण घरी एकटी राहायला कंटाळा यायचा. दवाखान्यात बाळंत होऊन बाई घरी आली की आशाच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घड्याळ. माझं काम घड्याळ धरायचं. बाळ रडत नसेल, दूध पीत नसेल तेव्हा दुपटं पोटावरून बाजूला सारायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं आईला चालायचं नाही. तान्हं बाळ श्वास घेता घेता मधेच थांबतं, मग भराभर घेतं, म्हणून मिनिट पूर्ण मोजायचं. साठ किंवा त्याच्या वर आला तर परत एकदा मोजायचं. परत तेवढाच आला तर घरातल्यांनी कितीही "दृष्ट लागलीय, संध्याकाळी उतरवू" म्हटलं तरी गाडी बोलवायची. एकदा सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या आणि आई त्यांच्याशी भांडण न करता बाळाचं टोपडं बांधत होती, ते मला अजून दिसतं. गाडी आली तेव्हा सासूबाईच आधी चढून बसल्या.

हे सगळं आलं कुठून ते मला फार नंतर कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं खेड्यातल्या बायकांना घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आईला लॅन्सेट माहीत नाही. तिला साठ माहीत आहे.

गावातल्या उपकेंद्रात नर्सबाई असायच्या, एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. लसीकरणाच्या दिवशी त्या प्रत्येक बाटलीवरचा गोल बघायच्या. त्या गोलात एक चौकोन असतो, लस उष्णतेनं खराब होत जाते तसा तो काळा पडत जातो, आणि चौकोन गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. मला त्या दाखवायच्या आणि विचारायच्या, "ही चालंल का गं?" मी फार रुबाबात मान हलवायचे. सीईटीच्या ऑप्शन फॉर्मवर कॉलेजांचे कोड भरताना माझ्या डोळ्यांपुढं कधी आयसीयू आला नाही, कधी दुबई आली नाही. यायचा तो उपकेंद्राचा व्हरांडा. पण बारावी सायन्सला बरे मार्क पडल्यावर सर म्हणाले, एएनएम म्हणजे बारीक कोर्स, तू बीएस्सीच कर. आणि सायन्स घेतलेल्या मुलीनं एएनएमचा फॉर्म भरायचा म्हणजे चारचौघांत कसंतरीच वाटतं, हे आपल्याकडं कुणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यात फक्त मानाचा प्रश्न नाही, हेही सांगते, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. एएनएम दोन वर्षांचं, बारावीची कुठलीही शाखा चालते. पुढं जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होता येतं, पण भरती केव्हा निघेल ह्याचा नेम नाही, तोवर कंत्राटी. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं तर एएनएम पुरत नाही. जीएनएम तीन वर्षांचं, तिथून दारं जास्त उघडतात. एम्सच्या नॉरसेट ह्या नर्सभरतीच्या परीक्षेलाही बसता येतं, फक्त जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. जीएनएम बंद होणार, बंद होणार अशी हाकाटी मी ऐकत आलेय आणि जीएनएम सुरूच आहे.

एएनएमचं घरी काढलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध आईचा. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भाकरी थापता थापता थांबली. "माझ्यासारखं रस्ते तुडवायला तुला सायन्सला घातलं का? आमच्या नर्सबाईंना बघ, निम्मा दिवस मोबाइलवर एंट्री आणि निम्मा दिवस मीटिंग. लेकरं बघायला वेळ कुठं हाय?" तिचं खोटं नाही. २०२३ च्या आशांच्या संपात ती होती, मानधनासाठी घोषणा देऊन घसा बसवून आली होती. ज्या कामानं तिला घसा बसवायला लावलं त्याच कामाला लेक निघाली म्हटल्यावर तिला राग येणारच. मी म्हटलं, तू आशा म्हणून मानधनावर आहेस, नर्सबाई पगारावर असतात. "कंत्राटी," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पप्पा म्हणाले, "रजिस्ट्रेशन मिळतंय न्हवं? मग हुतंय की."

तर सध्या असं ठरलं आहे. एएनएम आणि जीएनएमलाही आता सीईटी आहे, ती मी दिली होती. त्या दोन्हींचे फॉर्म भरलेत. सरकारी जीएनएम लागलं तर जीएनएम, नाही तर एएनएम, आणि तेही नाही तर आरोग्यमित्राच्या ताईंना फोन. संस्था पातळीवरच्या राउंडला कुठंही जाणार नाही, हे पप्पांना आणि मला न बोलता मान्य आहे. बीएस्सी पुढं करायचंच म्हटलं तर जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी असतं, ते तेव्हा बघू. मामींना हे सगळं फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, म्हणजे शेवटी नर्सच ना? हो, मामी.

आता राहिली कागदपत्रांची तपासणी. व्हॅलिडिटी आली आहे, नॉन क्रिमिलेअर नवं काढलं आहे, दाखला, डोमिसाइल, सगळं एका फाइलमध्ये लावलं आहे. फक्त एक झालंय. पप्पांनी परवा मोठ्या प्रेमानं व्हॅलिडिटी लॅमिनेट करून आणली. तपासणीला लॅमिनेट केलेला कागद चालतो का, हे कुणाला नक्की माहीत असेल तर सोमवारच्या आत सांगा.