पेट्रोलचा खप घटला तर रिफायनरी काय करते?

विजेवरच्या गाड्या वाढल्यावर तेल कंपन्या काय करतील, या प्रश्नावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंपाच्या कोपऱ्यातला चार्जर येतो. कंपन्यांच्या जाहिरातींतही तोच असतो. माझ्या मते या सगळ्या बदलातलं ते सर्वांत किरकोळ काम आहे. खरी अडचण रिफायनरीच्या कुंपणाआत आहे. कच्च्या तेलातून आम्हाला डिझेल आणि विमानाचं इंधन हवं, पेट्रोल नको, अशी निवड करता येत नाही.

कच्चं तेल तापवून उभ्या मनोऱ्यात सोडलं की वरून गॅस आणि नॅफ्था (पेट्रोलचा कच्चा माल असलेला हलका द्रव), मधून रॉकेल आणि डिझेल, खालून जड गाळ असे थर निघतात. कोणत्या थराचा वाटा किती, हे बरंचसं तेलाच्या जातीवर ठरतं. नॅफ्था निघणारच. त्यातला जड भाग रिफॉर्मर नावाच्या युनिटमध्ये प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेला की त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण, वाढतो आणि तो पेट्रोलमध्ये जातो. खालच्या जड भागाचे तुकडे करणाऱ्या कॅटॅलिटिक क्रॅकरमधूनही मुख्यतः पेट्रोलच बाहेर पडतं. म्हणजे पेट्रोल दोन दारांनी येतं. एक दार बंद केलं तरी दुसरं वाहतंच.

आता खपाकडे बघू. 2024-25 मध्ये भारतात सुमारे 4 कोटी टन पेट्रोल आणि 9 कोटी टनांहून थोडं जास्त डिझेल विकलं गेलं. पेट्रोलपैकी साधारण 60 टक्के दुचाकी पितात. त्यामुळे आपल्याकडे पेट्रोलला धोका चारचाकीपेक्षा स्कूटरकडून आहे. त्या वर्षी विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या दुचाकींपैकी सहा विजेवरच्या होत्या. तीनचाकींत तर हा वाटा निम्म्याहून जास्त आहे, पण त्यात ई-रिक्षांचा भरणा मोठा आणि उत्तरेत त्या बऱ्याच ठिकाणी सायकलरिक्षांच्या जागी आल्या. तिथे पेट्रोलचा एक थेंबही वाचला नाही. एकूण पेट्रोलचा खप अजून वाढतोच आहे. रिफायनरी तीस-चाळीस वर्षांसाठी बांधतात, म्हणून घाई आत्ताची नसली तरी आराखडे आत्ताच बदलावे लागतात.

पेट्रोल कमी हवं म्हणून रिफॉर्मर मंद चालवला तर काय बिघडतं? पहिला फटका डिझेलला बसतो. नॅफ्थाचा ऑक्टेन वाढवताना रिफॉर्मर हायड्रोजन सोडतो आणि तोच हायड्रोजन डिझेलमधलं गंधक काढायला लागतो. बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 10 भागांपेक्षा जास्त चालत नाही. रिफॉर्मर मंदावला की हायड्रोजन कमी पडतो, मग तो नैसर्गिक वायूपासून वेगळा बनवावा लागतो. तो वायू आपण बराचसा आयात करतो. शिवाय कुठलंही युनिट हवं तितकं मंद करता येत नाही. क्षमतेच्या साधारण निम्म्याखाली गेलं की प्रवाह आणि तापमान सांभाळणं कठीण होतं. त्याआधीच ते बंद करावं लागतं.

म्हणून पेट्रोलचा प्रवाह थांबवण्याऐवजी दुसरीकडे वळवण्याकडे कल असतो. त्यातली सोपी वाट कॅटॅलिटिक क्रॅकरमध्येच आहे. तापमान वाढवलं, वाफ जास्त सोडली आणि उत्प्रेरकात झेडएसएम-5 जातीचा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ) मिसळला की पेट्रोलच्या रेणूंचे आणखी तुकडे होतात आणि एलपीजी व प्लॅस्टिकला लागणारं प्रोपिलीन वाढतं. इंडियन ऑइलचं इंडमॅक्स तंत्रज्ञान याच तत्त्वावर चालतं. आपल्याला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, तेव्हा इथे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पण गॅस वाढला की तो दाबणारा कॉम्प्रेसर आणि वेगळा करणारे मनोरे अपुरे पडतात. जुन्या रिफायनरीत सगळं अडतं ते तिथेच. उत्प्रेरक बदलणं सोपं, कॉम्प्रेसर बदलायचा तर मोठं शटडाउन घ्यावं लागतं.

दुसरी वाट महागडी आहे: नॅफ्था थेट स्टीम क्रॅकरला द्यायचा. तिथे साधारण 850 अंश सेल्सिअसला वाफेसोबत त्याचे तुकडे होतात आणि 30 टक्क्यांच्या आसपास इथिलीन, 15 टक्क्यांच्या आसपास प्रोपिलीन मिळतं. त्यातून बादल्या, पाइप, पिशव्यांचं प्लॅस्टिक. भारत पेट्रोलियम मध्य प्रदेशातल्या बीना रिफायनरीला वर्षाला 12 लाख टन इथिलीनचा क्रॅकर जोडते आहे. खर्च सुमारे 49,000 कोटी रुपये, आणि त्याबरोबर रिफायनरीची क्षमता 78 लाख टनांवरून 110 लाख टनांवर जाणार आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमची राजस्थानातली बाडमेरची 90 लाख टनांची रिफायनरी तर सुरुवातीपासूनच पेट्रोकेमिकल धरून आखलेली आहे.

यात एक गंमत आहे. नॅफ्था क्रॅकरमधून पायगॅस नावाचा द्रवही निघतो, घातलेल्या मालाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तो पेट्रोलच्याच जातीचा. बेंझिन, टोल्युइन वेगळं काढणारं युनिट जोडीला नसेल तर तो फिरून पेट्रोलच्या टाकीकडेच येतो. दुसरी अडचण बाजाराची. सगळ्या जगातल्या रिफायनऱ्यांना ही एकच युक्ती सुचली आहे. चीनने इतके क्रॅकर उभारले की इथिलीनमधला नफा आटला, आणि युरोपातले जुने क्रॅकर बंद होऊ लागले. 2024 मध्ये एक्सॉनमोबिलने फ्रान्समधल्या ग्राव्हांशोंचा क्रॅकर बंद करायचं जाहीर केलं. पेट्रोलचा तोटा प्लॅस्टिक भरून काढेल हे गणित कागदावर जितकं सरळ दिसतं तितकं ते नाही.

भारतात रिफायनरीच्या पेट्रोलला पहिला मोठा धक्का बॅटरीने दिलेलाच नाही. तो उसाने दिला, आणि आता मक्याने. जून 2022 मध्ये पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला, 2025 मध्ये तो 20 टक्क्यांच्या घरात गेला. पंपावर विकलेल्या दर पाच लिटरमागे जवळपास एक लिटर आता डिस्टिलरीतून येतो. पेट्रोलचा पाचवा हिस्सा बाजूला गेल्यावर काय काय हलवावं लागतं, याची तालीम रिफायनऱ्यांनी अशी आधीच केली आहे. इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त, म्हणून ते ज्यात मिसळायचं ते मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं चालतं आणि रिफॉर्मरवरचा ताण कमी होतो. मात्र इथेनॉल मिसळल्यावर बाष्पदाब, म्हणजे पेट्रोलची वाफ होण्याचा जोर, चढतो, त्यामुळे पेट्रोलमधला ब्युटेन हा वायू काढून एलपीजीत वळवावा लागतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा मुद्दा इथे येतो. विजेच्या स्कूटरने पेट्रोल कमी केलं की त्याच प्रमाणात इथेनॉलचा खपही घटणार. कोल्हापूर-सोलापूरकडे डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्यांनी स्कूटरविक्रीच्या आकड्यांवर नजर ठेवायला हवी.

आता तो चार्जर. नोव्हेंबर 2021 मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून 22,000 चार्जिंग स्टेशनं जाहीर केली: इंडियन ऑइल 10,000, भारत पेट्रोलियम 7,000, हिंदुस्थान पेट्रोलियम 5,000. मार्च 2023 मध्ये केंद्राने 7,432 जलद चार्जिंग स्टेशनांसाठी 800 कोटी मंजूर केले. पण पंपाची अर्थव्यवस्था वेगळीच आहे. पेट्रोलचं नोझल मिनिटाला 35-40 लिटर सोडतं. गाडी लावणं, पैसे देणं धरूनही तासाला दहा-बारा गाड्या सहज होतात. 60 किलोवॅटचा चार्जर तासाला एखाद-दुसरी गाडी करतो, आणि 80 टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळू घेते, तरी गाडी जागा अडवून उभी. समजा तो दिवसातून अडीच तास चालला, म्हणजे 150 युनिट. युनिटमागे चार-पाच रुपये सुटले तर सहा-सातशे रुपये. दिवसाला 4,000 लिटर विकणाऱ्या पंपाला लिटरमागे चार रुपयांच्या आसपास कमिशन धरलं तर 16,000. शिवाय वीज वापरा न वापरा, मंजूर भारावर स्थिर आकार लागतोच. भार वाढवला की उच्चदाब जोडणी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. भूमिगत टाक्या, भरण-तोंडं आणि नोझल यांच्याभोवतीच्या धोक्याच्या क्षेत्रात चार्जर बसवता येत नाही, म्हणून शहरातल्या चिंचोळ्या पंपावर त्याला जागाच मिळत नाही.

बरेच चार्जर बंद दिसतात त्याचं कारणही यातच आहे. डीलरला त्यातून फारसं मिळत नाही, दुरुस्ती तिसऱ्याच कंत्राटदाराकडे, आणि बिघाड बहुधा किरकोळ असतो: मोबाइल नेटवर्क तुटलं, कनेक्टरच्या पिनांत पावसाचा ओलावा, व्होल्टेज खाली-वर झालं, गाडी आणि चार्जर यांचा संवाद जुळला नाही. नोझल बंद पडलं तर डीलर तासाभरात आरडाओरडा करतो. चार्जरसाठी कोण करणार?

परदेशातल्या कंपन्यांनीही एकच वाट धरलेली नाही. शेलने 2022 मध्ये लंडनच्या फुलहॅममधला पंप पेट्रोल-डिझेल काढून निव्वळ चार्जिंगचा केला. एक्सॉनमोबिल पंपाकडे न वळता जमिनीखाली गेली. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये खोल खाऱ्या पाण्यातून लिथियम काढायची योजना तिने 2023 मध्ये मांडली. विहीर खणणं आणि द्रव उपसणं हे तिचं जुनंच कसब. चीनच्या सिनोपेकने 2025 मध्ये सीएटीएल या बॅटरी कंपनीशी बॅटरी-बदल केंद्रांचा करार केला.

तेल उत्पादक देशांना तेल स्वस्त करून विजेच्या गाड्या रोखता येतील, असंही म्हटलं जातं. भारतात ते फारसं चालणार नाही. मे 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलं तेव्हा केंद्राने पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवला. पंपावरचा भाव तिथेच राहिला. आखाती देशाने दिलेली सवलत स्कूटरवाल्यापर्यंत पोहोचण्याआधी सरकारी तिजोरीत थांबते.

राहिला रत्नागिरीच्या रिफायनरीचा प्रश्न. 2017 मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी मिळून तिथे वर्षाला 6 कोटी टनांची रिफायनरी ठरवली. आधी नाणार, मग बारसू. आंदोलनं झाली आणि जमीन मिळाली नाही. दरम्यान एकाच जागी एवढा अवाढव्य प्रकल्प उभारण्याऐवजी 2 कोटी टनांच्या तीन रिफायनऱ्या बांधाव्यात, अशी भाषा दिल्लीत सुरू झाली. आंध्रच्या किनाऱ्यावर भारत पेट्रोलियम जी नवी रिफायनरी आखते आहे ती 90 ते 120 लाख टनांची आहे, पेट्रोकेमिकलसकट.