तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या आर्केडची मापं कमी केली तर?

प्रश्न नेहमीचाच: मोठ्या आर्केड कॅबिनेटचा (नाणं टाकून उभ्याने खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटाचा) आराखडा हाताशी आहे, सगळी मापं साठ टक्के केली की मुलांसाठीचं कॅबिनेट होईल ना? नाही होणार. दिसायला गोड होईल, पण खेळताना मूल वैतागेल. कारण बटण, स्क्रीन आणि प्लायची जाडी काही मुलाच्या उंचीप्रमाणे कमी होत नाही.

माप घ्यायचं ते कोपराचं. मुलाला अनवाणी उभं करा, हात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. 110 सेंमी उंचीच्या मुलाचं कोपर साधारण 65 सेंमीवर येतं. कंट्रोल पॅनल, म्हणजे बटणं आणि दांडी बसवलेली फळी, त्याच्या तीन-चार सेंमी खाली हवं. त्याहून उंच झालं की खांदे कानांकडे चढतात, टाचा उचलल्या जातात आणि दहा मिनिटांत मूल पॅनलवर छाती टेकवून खेळायला लागतं. स्क्रीनचा मध्य डोळ्यांच्या थोडा खाली आणि स्क्रीन 15 ते 20 अंश मागे कललेली ठेवा. प्लायला करवत लावण्याआधी एक बाजू पुठ्ठ्याची कापून मुलाला तिच्याशेजारी उभं करा. पुठ्ठा चुकला तर नुकसान पुठ्ठ्याचंच.

मुलं वाढतात, म्हणून कॅबिनेट खालून उंच करता येईल असं करा. 5-5 सेंमी उंचीचे तीन चौकोनी पाट बोल्टने जोडायचे. कोपर वर्षाला तीन-चार सेंमी वर सरकतं, त्यामुळे कॅबिनेट चारेक वर्षं सहज पुरतं.

सांगाड्याला 18 मिमी प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत कापलं जातं, पण कडेला स्क्रू मारला की फाटतं आणि फरशी पुसताना खालून पाणी पिऊन फुगतं. 17 इंची, 5:4 प्रमाणाचा जुना एलसीडी मॉनिटर उत्तम. त्याच्यासाठी आतली रुंदी 40 सेंमी पुरते. दोघांनी खेळायचं असेल तर मात्र पॅनल 55 सेंमी रुंद हवं, नाहीतर खेळापेक्षा कोपरांची मारामारी जास्त. स्क्रीनसमोर काच नको, 3 मिमी अ‍ॅक्रिलिक लावा.

सगळ्यात जास्त चुका पॅनलमध्ये होतात. लहान बोटांना 24 मिमीची बटणं, केंद्रापासून केंद्र 30 मिमी. चार पुष्कळ झाली. ती स्क्रूची घ्या. खटक्याने बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, 18 मिमी प्लायमध्ये त्यांचे कान अडकतच नाहीत आणि बटण बोटाबरोबर वर येतं. भोकं फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं गोल भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) पाडा, खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरून. तो नसेल तर खालचा थर चिरफळतो. जॉयस्टिकसाठी पॅनल खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) कोरून जेमतेम 6 मिमी जाडी ठेवा. तसं केलं नाही तर दांडी वर इतकी आखूड उरते की मुलाच्या मुठीत फक्त गोळा येतो. दांडीच्या पुढे, मुलाच्या बाजूला, तळहात टेकायला सात-आठ सेंमी जागा सोडा. भुलभुलैयाचे खेळ असतील तर दिशारोधक (दांडी कुठे वळू शकते हे ठरवणारी खालची चकती) फिरवून चारच दिशा ठेवा. 1980 च्या पॅक-मॅनची मूळ दांडीही चार दिशांचीच होती. आठ दिशांच्या दांडीवर तिरका धक्का बसतो आणि खेळाडू वळणावर अडखळतो. मग मूल दांडीवर राग काढतं.

आत रास्पबेरी पाय (खेळ चालवणारा तळहाताएवढा संगणक) आणि यूएसबी एन्कोडर (बटणांचे संकेत त्याच्यापर्यंत नेणारं सर्किट). एक बटण मेलं तर वायर उलट करून पाहत बसू नका, बटणाखालच्या मायक्रोस्विचच्या दोन टोकांना दिशा नसते. बहुतेक वेळा वायरच्या टोकाचा लग (धातूची जोडणी) सैल असतो. मुलं खेळ संपला की थेट प्लग उपटतात आणि एसडी कार्ड लिहिता लिहिता बिघडतं. त्यावर उपाय म्हणून रास्पबेरी पायच्या 5 आणि 6 क्रमांकाच्या पिनांवर एक साधं बटण जोडा आणि सेटिंगमध्ये शटडाउन चालू करा. रास्पबेरी पाय 4 किंवा त्याआधीचा असेल तर त्याच बटणाने तो पुन्हा सुरूही होतो. शिवाय कार्डाची एक प्रत काढून ठेवा. मागची फळी स्क्रूनेच बंद करा, कडी नको. हवा खेळायला खाली-वर जाळीची भोकं ठेवा.

आणि पॅनलवर मूल लोंबकळणारच. वरच्या मागच्या कडेला दोन एल-पट्ट्या लावून कॅबिनेट भिंतीला बांधा. नाणं टाकायची फट हौसेने कापणार असाल तर तिच्यामागे डबा बसवा. नाणी मिळाली नाहीत तर खडू, पेन्सिली, टाचण्या आत जातात, आणि टाचणी सर्किटवर पडली की काय होतं हे सांगायला नको.