असे तो सांगत असे

काकांचा मेसेज दुपारी आला. "मॅडम, तुम्ही त्याला खोटारडा कामून ठरवायलाव?" बस, एवढंच. खाली नेहमीचं 'जय हिंद' नाही, जोडलेले हात नाहीत. महालक्ष्म्या काल गेल्या, मुखवटे अजून ओट्यावर तसेच, सोळा भाज्यांतली उरलेली भाजी कुणी खायला तयार नाही, आणि मी सगळं टाकून फोनकडे बघत बसले.

मी कुणाला खोटारडा ठरवलेलं नाही. काकांनी कोशासाठी लिहिलेली नोंद तपासताना एका वाक्याच्या शेवटी चार शब्द जोडले. असे तो सांगत असे. एवढ्यावर माणसाने इतकं लावून घ्यावं?

नोंद साबुरो साकाईची, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ वैमानिकाची. काकांचा जीव त्या नोंदीत अडकलेला आहे हे मला ती हातात आली तेव्हाच कळलं होतं. गोव्याला हंसा या नौदलाच्या हवाई तळावर सी हॅरियर विमानाच्या पोटाखाली उताणं पडून ज्याची नोकरी गेली, तो माणूस नौदलाच्या लढाऊ वैमानिकावर लिहायला बसला की कोरडं लिहील कसा? आता जिंतुरात राहतात. येलदरीचं धरण सोडलं तर पाणी म्हणावं असं काही आसपास नाही. आणि तिथं बसून रबौल, लाए, ग्वादलकनाल, सगळी पॅसिफिकमधली रणांगणं.

नोंद चांगली होती. हे मी अभिप्रायाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ते काकांनी वाचलंच नसणार. साकाईचा जन्म १९१६ चा, क्यूशू बेटावरच्या सागा परगण्यातला. शेतकरी घर, पूर्वज सामुराई. शिकायला चुलत्याकडे तोक्योला पाठवलं, तिथं नापास होऊन परत आला, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून १९३३ साली नौदलात भरती. आधी युद्धनौकांवर, मग १९३७ मध्ये वैमानिक, तुकडीत पहिला, सम्राटाकडून चांदीचं घड्याळ. हे सगळं जुळतं. नापास झाल्याची ओळ काकांनी गाळली नव्हती, हे मला आवडलं होतं. ते मात्र लिहायचं राहून गेलं.

मग ६४ चा आकडा आला. साकाईने ६४ विमानं पाडली. हे १९५७ साली इंग्रजीत आलेल्या आत्मचरित्रातलं. ते एका अमेरिकी लेखकाने त्याच्या मुलाखतींवरून रंगवून लिहिलं. जपानी नौदलाच्या कागदांवर आकडा २८ च्या आसपास येतो. नोंदीत दोन्ही लिहा, कुठला कुठून आला ते लिहा, असं मी म्हटलं. काकांनी निमूट केलं. न्यू गिनीतल्या मोर्सबीच्या शत्रूतळावर साकाई आणि दोन जोडीदारांनी मिळून विमानांच्या कोलांट्या मारल्या, ही गोष्ट आत्मचरित्राबाहेर कुठं आधार नाही म्हणून मी काढायला लावली. तेव्हाही निमूट. म्हणजे आतल्या आत साठत होतं.

खरं तर ६४ म्हणणारा खोटं बोलतो असं नसतंच. दोनशे-अडीचशे मैलांच्या वेगात समोरचं विमान दृष्टीत येतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातं. पूर्ण ताकदीने पळवलेलं इंजिन धूर सोडतं, तो पेटल्याचा धूर वाटतो. विमान ढगात गेलं म्हणजे पडलं. दोघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडल्या, दोघांनी आपापल्या खात्यावर एकेक घेतलं. अमेरिकेच्या बुच ओ'हेअरने २० फेब्रुवारी १९४२ ला लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेवर चालून आलेल्या बॉम्बफेक्या विमानांवर एकट्याने झडप घातली. त्याला पाच विमानांचं श्रेय मिळालं, सर्वोच्च पदक मिळालं, पुढे शिकागोच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं. नंतर जपान्यांचे कागद जुळवले तेव्हा ती तीन ठरली. म्हणून कुणी विमानतळाचं नाव काढलं नाही. हे उदाहरण मी काकांना मुद्दाम लिहून पाठवलं होतं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आणि मग ती डच विमानाची गोष्ट.

१९४२ च्या सुरुवातीची, जावाच्या आभाळातली. साकाई एकटा गस्तीवर. समोर डच प्रवासी विमान. जे दिसेल ते पाडा असा हुकूम. जवळ गेला तर खिडकीत एक गोरी बाई, कडेला लेकरू. शाळेत असताना एका अमेरिकी बाईने त्याला माया लावली होती, तिची आठवण झाली. त्याने बोट बंदुकीच्या घोड्यावरून काढलं, विमान जाऊ दिलं. काकांनी हे फार सुंदर लिहिलं होतं. कोशाच्या नोंदीत एवढं सुंदर चालत नाही, पण ते मी तसंच ठेवलं, एक विशेषण तेवढं काढलं. आणि शेवटी ते चार शब्द.

काका म्हणतात, म्हणजे तो खोटारडा.

नाही हो काका. म्हणजे ते त्याने सांगितलं. एवढाच अर्थ.

दुपारभर मी हेच मनात घोळवतेय. चहा दोनदा उतू गेला. समीक्षकाचं नाव नोंदीखाली येत नाही, लेखकाचं येतं. मानधनाचं तर बोलायलाच नको. ज्याने प्रेमाने लिहिलं त्याला टाळ्या, जिने तारखा जुळवत डोळे फोडले तिला 'खोटारडा कामून'. मागच्या दिवाळीत थोरल्याने जेवताना म्हटलं होतं, आई, तुला कुणाचं कौतुक झालेलं बघवतच नाही. सगळे हसले होते. मीही हसले होते. आज ते का आठवावं? मी निवृत्तीनंतर गप्प बसून हरिपाठ म्हणायला हवा होता.

पण ७ ऑगस्ट १९४२ ला मी हात लावला नाही, हे काकांना दिसलं नाही का? त्या दिवशी अमेरिकी फौजा ग्वादलकनालवर उतरल्या आणि रबौलहून झीरो ही जपानी लढाऊ विमानं हजारेक किलोमीटर उडून तिथं लढायला गेली. लढायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं. झीरो हे विमान हलकं, वैमानिकाच्या पाठीशी चिलखत नाही, टाक्यांना गोळी लागली तर छिद्र आपोआप बुजायची सोय नाही. म्हणून तर एवढं लांब जायचं. साकाईने तिथं आधी वाइल्डकॅट या अमेरिकी लढाऊ विमानाशी झुंज दिली. तो अमेरिकी वैमानिक, सदरलँड, छत्री घेऊन उतरला आणि वाचला. त्याच्या विमानाचा सांगाडा १९९८ साली बेटावर सापडला. मग पुढे दाटीने चाललेली विमानं साकाईला लढाऊ वाटली. ती निघाली बॉम्बफेकी, मागे बसलेला माणूस मशीनगन घेऊन तयार. साकाईच्या डोक्याला गोळी लागली. उजवा डोळा गेला, डावं अंग लुळं पडलं. त्या अवस्थेत तो चार तास सत्तेचाळीस मिनिटं उडत रबौलला पोचला. उतरून चालत येतानाचा त्याचा फोटो आहे, रक्ताने भरलेला चेहरा, अंगावर उडायचा पोशाख. दोन्हीकडची माणसं तिथं होती, दोन्हीकडचे कागद आहेत. तिथं मी कशाला काही जोडू?

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. झीरोत बसायला जागा एकच. जावावर तो एकटा होता. खिडकीतली बाई कोण, ती पुढे कुठं गेली, तिने ते विमान पाहिलं तरी का, काही नाही. बोट घोड्यावर होतं का आणि निघालं का, हे एका माणसाला माहीत, आणि तो २००० साली गेला. अत्सुगीच्या अमेरिकी तळावर, अमेरिकी नौदलाच्या माणसांबरोबर जेवण झाल्यावर. (युद्धानंतर तो बौद्ध उपासक झाला, छापखाना काढला, हाताखाली जुने सैनिक घेतले. पुन्हा कुठला जीव मारला नाही, डासही नाही, असेही तो सांगत असे. मी आत्ताच एक मारला. नगरपालिकेची धुराची गाडी यंदा आमच्या गल्लीत फिरकलीच नाही.)

मग एकट्याने केलेलं चांगलं काम कोशात जायचं कसं? वाईट काम जातं. त्याला पडलेलं विमान असतं, मेलेला माणूस असतो, समोरच्याचा कागद असतो. न झाडलेल्या गोळीचा कागद कोण ठेवणार?

इथं आबा, माझे आजोबा, आठवलेच. मी टाळत होते.

पेन्शनच्या अर्जाला ओळखीच्या स्वातंत्र्यसैनिकाची सही लागायची, अमुक इसम माझ्यासोबत निजामाविरुद्धच्या कॅम्पात होता म्हणून. आबांच्या ओसरीवर लोक बसून राहायचे. ज्यांना त्यांनी पाहिलं होतं त्यांना ते तिथल्या तिथं लिहून द्यायचे, चहा पाजून. आजीचा भाऊ आला तेव्हा दिलं नाही. मामाआजोबांचं म्हणणं, रझाकारांच्या काळात ते रात्री हद्दीपलीकडे निरोप पोचवायचे, एकटेच, नाल्यानाल्याने. आबा म्हणाले, मी बघितलं नाही. बघितलेलंच लिहितो. आजीने त्यानंतर त्यांच्याशी... जाऊ दे. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला आबा पुढच्या खुर्चीत आणि मामाआजोबा मागे, लिंबाच्या झाडाखाली उभे. अख्ख्या गावाला माहीत होतं का ते. आई म्हणायची, तुझ्या आबांनी दगड गिळलाय.

पण मी एक पाहिलंय, आईने ते कधी धरलं नाही. मामाआजोबा प्रत्येक लग्नात, पंगत उठली की ती गोष्ट सांगायचे. नाला, अंधार, कुत्री भुंकलेली, धोतराच्या सोग्यात बांधलेली चिठ्ठी. आम्ही पोरं कोंडाळं करून बसायचो. आणि आबा तिथंच, बाजेवर. उठून गेले नाहीत कधी. मध्ये बोलले नाहीत, खाकरले नाहीत, हसले तर मुळीच नाहीत. एकदा मामाआजोबा कुत्र्यांचं विसरले तर आबांनीच आठवण करून दिली. "आन कुत्री?" म्हणाले. पुरी गोष्ट ऐकायची, मान खाली घालून, दर वेळी. सही तेवढी करायची नाही.

मला इतकी वर्षं वाटत होतं आबांचा विश्वास नव्हता. आता वाटतंय, असेलही. काय सांगावं.

संध्याकाळी काकांना फोन लावला. मेसेजवर भांडण वाढतं. काकूंनी उचलला, म्हणाल्या, "तुमच्यावर रुसून बसलेत, सोयाबीनीकडं गेलो म्हणून सांगा म्हणालेत, पण हितंच हायेत." मागून काकांचा आवाज आला, मग काका स्वतः. मी कोश, संदर्भ, धोरण यातलं काही बोलले नाही. विचारलं, तुम्ही हॅरियर सोडताना वैमानिक परत आल्यावर काय सांगतो ते कसं लिहून घ्यायचात? म्हणाले, "तो म्हनला ते लिहायचं. 'वैमानिकाच्या सांगण्यानुसार आवाज येतो.' मग आपन उघडून बघायचं." मग गप्प झाले. मीही गप्प. त्यांना कळलं, मला कळलं की त्यांना कळलं. पण हार मानतील ते काका कसले. "पन हितं तर उघडून बघायला काय हायेच नाही ना मॅडम!"

नाही. म्हणून तर ती ओळ तशीच राहणार. मी म्हटलं, तुमचं ते विशेषण परत घाला हवं तर. 'सोनेरी केसांची'. तेही तोच सांगत असे.

त्यावर ते मोठ्याने हसले. थोरल्याला हे सांगायला हवं, की मला हेही जमतं. नको, सांगत नाही. तो म्हणेल, साक्षीदार कोण?

आबांचं नाक मला आलंय हे सगळे म्हणतात. सरळ, जरा लांब, फोटोत वाईट दिसतं. नाकाबरोबर बाकीचंही आलं असेल तर आता या वयात कुठं बदलून घेऊ? नोंद उद्या पुढे पाठवते. ६४ आणि २८ शेजारी शेजारी, डच विमान त्याच्याच तोंडून, ७ ऑगस्ट ते चार शब्द न जोडता उभा. काकांचं नाव खाली ठळक.

झोपायच्या आधी मुखवटे कापसात गुंडाळत होते तेवढ्यात फोन वाजला. 'जय हिंद' परत आलंय. जोडलेले हातही. पुढची नोंद ते निशिझावावर घेणार, साकाईचाच जोडीदार. त्याने तर ८७ पाडली म्हणतात, मॅडम!

मी लिहिलं, कोण म्हणतं?